ट्रॅक्टरच्या रंगाची गिटार

पाथर्डी
मंगळवार, दुपारी

प्रिय वाल्मिक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ठेवून दिलं असतंस, तरी मला नवल वाटलं नसतं. फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच, एवढंच म्हणतो. चौदा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय, त्याचं कारण माझ्यासमोर टेबलावर उताणं पडलं आहे. तुझी गिटार माझ्या दुकानात आली आहे.

मागच्या महिन्यात सुकन्या मॅडम ती घेऊन आल्या. त्या इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरी हौसेनं गिटार वाजवतात. नगरला जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी ती घेतली. दुकानदारानं अमेरिकन आहे सांगून गळ्यात मारली होती. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या, आणि त्याही कागदावर लिहून. गिटार कुठं बनली, आधी कोणाकडं होती, आणि टोनची दोन बटणं कितीही फिरवली तरी आवाज बदलत का नाही. विज्ञानाची बाई, तोंडी उत्तरावर भागत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी लिहून दिली. तिसऱ्याचंही उत्तर माझ्याकडं आहे, पण ते आधी तुला द्यायला हवं. म्हणून त्यांचा कागद तेवढ्या ओळीपुरता कोरा ठेवला आहे.

दुकानात आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, खोटं कशाला बोलू. काळीकुट्ट होती. दांड्याच्या टोकावरचं नाव कुणीतरी पॉलिशपेपरनं घासून घालवलेलं, अंगावर कवटीचं स्टिकर. मी मागचे चार स्क्रू काढून दांडा सुटा केला, कारण कारखानेवाले आपली खूण सांध्यात ठेवतात, गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथं. निळ्या शाईचा अर्धा शिक्का निघाला. भिंगातून वाचला तर कलकत्ता. मग वरची पांढरी प्लेट उचलली. प्लेटच्या कडेखाली काळ्या रंगाचा पापुद्रा निघालेला होता आणि त्याच्या आत लाल होता, लालच्या आत फिकट निळा. तो लाल मी कुठंही ओळखेन. आपल्या ड्रमवाल्या बन्सीच्या चुलत्यानं ट्रॅक्टर रंगवला, तेव्हा उरलेला डबा आपण मागून आणला होता आणि तुझ्या अंगणात लिंबाखाली गिटार टांगून ब्रश मारला होता. वाळेपर्यंत तीन मुंग्या आणि एक चिलट चिकटलं. चिलट अजून तिथंच आहे.

तरी मनात म्हटलं, लाल रंगाच्या गिटारी जगात काय कमी असतील. मग आतली खाच बघितली आणि मी स्टुलावर बसलोच. खाचेत सगळीकडं चहाच्या पुड्यातली चांदी चिकटवलेली होती. अम्मीनं साठवलेली. आठवतं का, ट्रॉलीवरचा जनरेटर सुरू झाला की गिटार भुंग्यासारखी गुणगुणायची, आणि मी कुठंतरी ऐकलं होतं की आतून चांदी लावली की ते थांबतं? अम्मी महिनाभर पुडे धुऊन वाळत घालत होती आणि शेजारच्या बायका विचारायच्या, गनीभाईच्या घरी एवढा चहा कोण पितं. वाल्मिक, आपली अमेरिकन गिटार कलकत्त्याची निघाली. सहा वर्षं आपण माईकवरून सांगायचो, आख्ख्या तालुक्यात एकच अमेरिकन गिटार, एकता बेंजो पार्टी, पाथर्डी. ज्यानं ती विकली त्या नगरच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं आपल्याला शेंडी लावली आणि आपण तालुक्याला. मला हसू आलं. तुला फोन करून सांगावं म्हणून खिशात हात घातला आणि तसाच परत काढला.

आपलं कसं होतं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगावंसं वाटतंय. दिवाळी झाली की तुझे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जायचे ते पाडव्याच्या आसपास परतायचे. तेवढे महिने तू राहीआत्याकडं झोपायचास आणि आमच्या दुकानात राहायचास. अब्बांचे दोन नियम तुला माझ्याआधी पाठ झाले. मालकाला सांगितल्याशिवाय वस्तूच्या आत हात घालायचा नाही. आणि जो भाग काढला, मग तो जळका असो की तुटका, तो कागदाच्या पुडीत बांधून वस्तूबरोबर परत द्यायचा. पुड्या बांधायचं काम तुझं होतं. लोक हसायचे, जळका कंडेन्सर घेऊन काय करू, चटणी करू का. अब्बा म्हणायचे, "ज्याचं त्याला दिलं की त्याला कळतं, आत काय केलं हुतं." माझं पोट आजवर या दोन नियमांवर भरलं. पहिला मी एकदाच मोडला.

पार्टी काढली तेव्हा कामं आपोआप वाटली गेली. बन्सी ड्रमवर, मी मिक्सरवर, आणि तू गिटारवर, कारण तुझ्याइतका सूर आपल्यापैकी कुणालाच कळत नव्हता. मढीच्या यात्रेत लोक ट्रॉलीमागं मैलभर चालायचे, ते तुझ्यासाठी. हे मी तेव्हा तोंडावर कधी म्हटलं नाही. दोस्ताला चांगलं म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती, शिव्या द्यायची होती. शेवटच्या दोन हंगामांत तू सारखा एकच गोष्ट सांगायला लागलास. परवेझ, वरचा बारीक आवाज खाली घे, टोचतोय. मी म्हणायचो, मिक्सर बरोबर आहे. तू गिटारची टोनची बटणं निम्म्यावर आणायचास, आवाज मऊ करायला. मला तो आवाज बसका वाटायचा, गोधडीखालून आल्यासारखा. मग मी मिक्सरवर वरचा आवाज आणखी चढवायचो. तू खाली आणायचास, मी वर न्यायचो. ट्रॉलीवर सहा फुटांच्या अंतरावर उभे राहून आपण दोन वर्षं भांडत होतो आणि लोक खाली नाचत होते.

आता गिटारकडं परत येतो. बटणं का चालत नाहीत ते पाहायला मीटर लावायचीही गरज पडली नाही. टोनकडं जाणारी वायर कापलेली होती. तुटलेली नव्हती, पकडीनं कापलेली. दोन्ही टोकांना काळी टेप नीट गुंडाळलेली. मी ती टेप बराच वेळ बघत बसलो. मग म्हटलं, आधी दुरुस्त करू, बाकीचं मागाहून. टेप लावलेली टोकं कापून काढली, नवी वायर टाकली, डाग दिला, तारा चढवल्या, छोट्या स्पीकरला जोडून वाजवली. टोनचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काही फरक नाही. कंडेन्सर जुना म्हणून नवा टाकला. फरक नाही. मग बटणाखालचे दोन्ही कंट्रोल नगरहून मागवून बदलले. तरी नाही. मीटर सांगतोय सगळं बरोबर आहे, आणि माझे कान सांगतायत काहीच बदलत नाही. पस्तीस वर्षांत मी कानाआधी मीटरवर कधी विश्वास ठेवला नव्हता. कानानं बघायचं, मीटरनं खात्री करायची, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो.

आठव्या दिवशी मॅडम आल्या. मी म्हटलं, मॅडम, माफ करा, तीनदा सामान बदललं, होत नाही. त्यांनी गिटार हातात घेतली, एक तार छेडली, बटण फिरवलं, परत छेडली. आणि हसल्या. म्हणाल्या, काका, चेष्टा करता का, केवढा मऊ झालाय आवाज. मी म्हटलं, परत करा. त्यांनी परत केलं. मी परत करायला लावलं. मग मी त्यांच्या हाताकडं बघायचं सोडून चेहऱ्याकडं बघायला लागलो. बटण फिरलं की त्यांच्या कपाळावरची आठी जात होती, उलटं फिरलं की येत होती. माझ्यासाठी तो एकच आवाज होता, दोन्ही वेळा. मी आतून तमन्नाला बोलावलं. माझी लेक, ती काही खोटं बोलणार नाही. तिनंही ऐकलं आणि म्हणाली, अब्बा, हे तर कुणालाही कळेल.

त्यानंतर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. गेली पाच-सहा वर्षं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतो की मोबाईलच्या टॉवरनं पाथर्डीतल्या चिमण्या संपवल्या. पेपरात पत्रही पाठवलं होतं, छापून आलं नाही हे बरं झालं. तमन्नानं मला हाताला धरून बाहेर नेलं आणि दुकानाच्या शटरच्या पेटीत तीन घरटी दाखवली. पिल्लांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मला फक्त चोची दिसत होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बानू अबोल झाली म्हणून मी मनातल्या मनात तिच्यावर रुसलो होतो. ती बिचारी बोलतच होती. मला वाटायचं पुटपुटते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिनं माझ्याकडून कधीच काढून घेतलं होतं आणि मला वाटलं, म्हातारपणी लाड करते आहे.

तमन्ना मला नगरला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबायचा थांबलो तेव्हा वाटलं, तपासणी संपली. ती चालूच होती. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडं बरी आहे, मग करंजीचा घाट उतरावी तशी खाली जाते. जाड आवाज येतात, बारीक गेले. यंत्र लावलं तर माणसाचं बोलणं थोडं सोपं होईल, पण वरचा भाग गेला तो गेला. मी विचारलं, डीजेमुळं झालं असेल ना, पार्टी बंद झाल्यावर दहा वर्षं मी डीजेच्या भिंती जोडत हिंडलो. त्यांनी विचारलं, त्याआधी काय करत होतात. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, हे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच सुरू झालेलं असणार, हळूहळू, माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. घरी येईपर्यंत एसटीत मी एकच हिशेब करत होतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी. तेव्हा तू ट्रॉलीवर होतास.

वाल्मिक, तिसगावच्या लग्नातला तो परण्या आता लिहावाच लागेल. आदल्या दिवशी दुपारी तू गिटार दुकानात ठेवून गेलास, वायर खोचायची जागा सैल झाली होती म्हणून. पाच मिनिटांचं काम. ते केलं, आणि प्लेट उघडीच होती तर मी पकड उचलली. टोनची वायर मी कापली. टोकांना टेप मी लावली, प्लेट बसवली, आणि तुला काही सांगितलं नाही. मला वाटलं, उद्या बटण फिरवेल आणि काही होणार नाही, मग झक मारत मोकळा वाजवेल, आणि लोकांना खरा आवाज ऐकायला मिळेल. मी तुझं भलं करतोय असं मला वाटत होतं. शपथेवर सांगतो, असं लिहिणार होतो. पण माझ्या शपथेचं काय मोल आहे ते तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना नवरदेव घोडीवर बसून मारुतीला निघाला. तू पहिली तान घेतलीस आणि बटणाकडं हात नेलास. मी बघत होतो. तू फिरवलंस, परत फिरवलंस, माझ्याकडं बघितलंस. मला तर आवाज तरीही बसकाच वाटत होता, म्हणून मी मिक्सरवर आणखी चढवला. पुढच्या बायकांनी पदर कानावर घेतले. पोरं रडायला लागली. घोडी बिथरली आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट तिच्या मानेवर आडवा झाला. नवऱ्याचा मामा ट्रॉलीवर चढून ओरडला, "आरं बंद कर ती गिटार, पत्र्यावर खिळा घासल्यासारखं वाजतंय!" तू म्हणालास, मिक्सर बघा. आणि मी माईक उचलला. काय बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "मंडळी, माफ करा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय आमच्या गिटारवाल्याचं. हात अजून बसला न्हाई त्याचा." लोक हसले. बन्सीही हसला. तू गिटार ट्रॉलीत ठेवलीस, खाली उतरलास आणि मिरवणुकीच्या उलट दिशेनं चालत गेलास. सोळाव्या वर्षापासून वाजवणाऱ्या माणसाचा हात बसला नाही, असं मी चारशे लोकांत सांगितलं.

तरी तू दुसऱ्या दिवशी दुकानात आलास. भांडायला नाही, विचारायला आलास, आणि तेच मला अजून सहन होत नाही. म्हणालास, "बटनं फिरवून काय बी हुत नव्हतं रं. तू आत काय केलं का?" त्या वेळी हो म्हटलं असतं तर तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि आपण चहा प्यायला गेलो असतो. मी म्हणालो, "बटनं ठीक हायती. तुझ्या हातातच सूर न्हाई, वाल्मिक." आणि वर अब्बांची शपथ घेतली. अब्बा आत रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी परण्याच्या आदल्या दिवशी मला पकड उचलताना पाहिलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

तू गिटार विकलीस, शिर्डीला गेलास, हॉटेलच्या गाडीवर ड्रायव्हर झालास, एवढं मला कळत होतं. मी मनाला सांगायचो की चुकलो तर मी वायरीच्या बाबतीत चुकलो, आवाजाच्या बाबतीत नाही. आवाज खरंच बसका होता, माझ्या कानांनी ऐकला होता. या एका आधारावर मी चौदा वर्षं झोपलो. आता तो आधार काचेच्या खोलीत काढून घेतला. वाकडं अंगण माझं होतं आणि नाचता मलाच येत नव्हतं. तुझा हात, तुझी बटणं, तुझं ते कायम निम्म्यावर आणणं, सगळं बरोबर होतं.

हेही कदाचित मी गिळून टाकलं असतं. मी स्वतःला ओळखतो. पण मागच्या महिन्यात बन्सी भेटला, साईबाबांचं दर्शन घेऊन आलेला, तुझ्या घरी जेवून आलेला. दुकानात बसून गप्पा मारताना, मला बरं वाटावं म्हणून, त्यानं एक गोष्ट सांगितली. तुझी रुपाली आता अकरावीला आहे म्हणे, आणि गाते. तिच्या बाई घरी आल्या होत्या, तिला गाण्याच्या क्लासला घाला म्हणून सांगायला. पोरगी दारामागं उभी होती. आणि तू बाईंना म्हणालास, "आमच्या घरात सूर न्हाई, बाई. आमच्या परवेझचा कान लई तयार हुता, त्यानं मला सांगितलं म्हंजी खरंच आसनार." बन्सी मला म्हणाला, बघ, अजून तुला किती मानतो. जोरात बोलला, कारण आता सगळेच माझ्याशी जोरात बोलतात, आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

त्या दिवसापासून मला काही सुचत नाही. मला वाटत होतं, तू मला खोटारडा समजून गेलास. ते परवडलं असतं. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास. चौदा वर्षं ठेवलास आणि आता पोरीलाही देतो आहेस. दुकान मी उघडतो, कारण बंद ठेवून घरी काय करणार. कुणी स्पीकर आणला तर मीटरवर दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकालाच विचारतो, आवाज बरोबर आहे का बघा. गिऱ्हाइकाला वाटतं, केवढा नम्र माणूस. डॉक्टर म्हणतात उरलेलंही कमी होत जाईल. जाऊ दे. ज्या कानांनी तुझं वाटोळं केलं, ते राहून तरी काय करायचंय. सुकन्या मॅडमना मी तुझं नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ते आले तर आधी त्यांनी वाजवायची. पण तू आलास आणि वाजवलीस तरी मला ती अर्धीच ऐकू येणार, आणि जी अर्धी तुझी खास होती ती येणार नाही. तेव्हा ये म्हणायलाही मला तोंड नाही. माफ कर असंही मी लिहिणार नाही. माफ करण्यासारखं काही उरतंय असं मला वाटत नाही.

गेल्या गुरुवारी तुला एका अनोळखी नंबरवरून दोन फोन आले असतील. ते माझे होते. दोन्ही वेळा कुणीतरी उचलला आणि काहीतरी बोललं. तू होतास की रुपाली की हॉटेलचा कुणी, मला कळलं नाही. फोनमध्ये माझ्यापर्यंत नुसती घरघर येते. मी ठेवून दिला. तमन्ना म्हणाली, तुमच्या वतीनं मी बोलते. पण हे लेकीच्या तोंडून सांगायचं नाही, म्हणून पत्र. उत्तर येईल असं मी धरून चाललेलो नाही. पाकिटात कागदाची एक पुडी आहे. तिच्यात बोटाच्या पेराएवढे वायरचे दोन तुकडे आहेत, टोकांना काळी टेप, जशी मी कापून गुंडाळली होती तशीच. दोरा तू बांधायचास तसा बांधायला गेलो, जमला नाही. गाडी धुऊन झाली की निवांत बस, रुपालीला जवळ बोलाव आणि हे पत्र तिला वाचायला दे. परवेझकाकाला तेव्हाही ऐकू येत नव्हतं, हे तिला सांग. तुझ्या बापाच्या हातात सूर होता आणि ज्यानं नाही म्हटलं तो बहिरा होता, आणि वर खोटाही बोलला, हे सांग. ती विश्वास ठेवणार नाही, एवढी वर्षं बापाचंच ऐकलंय तिनं. तेव्हा पुडी तिच्या हातात दे. ज्याचं त्याला दिलं की कळतं, आत काय केलं होतं.

तू मानलंस तर अजूनही तुझाच,
परवेझ